चार ओळींचं फाटक

ठोसरकाकांना काहीही विचारा, उत्तर एकच. जेवायला कधी येता? "कापणी होऊ दे." मोतीबिंदूचं ऑपरेशन? "कापणी होऊ दे, मग बघू." नवख्या माणसाला वाटावं, यांची पाच-सहाशे एकर गव्हाची शेती असणार. प्रत्यक्षात काकांनी जन्मात विळा हातात धरला नव्हता. ते अमरावतीचे, गणितातले एम.एस्सी., आणि कॅनडातल्या सस्काटूनमधल्या एका कंपनीच्या तळघरात बसून संगणकावर काम करायचे. कंपनी शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकायची. कापणी दुसऱ्यांची होती आणि अडकून पडले होते हे.

मी त्या कंपनीत लागले दोन हजार आठच्या मार्चमध्ये. नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात काम मिळालं, म्हणून मी पुण्यातली बरी नोकरी सोडून त्या गोठलेल्या गावात आले होते आणि माझं डोकं सतत तापलेलं असायचं. आमची मॅनेजर ब्रेंडा मला जिन्यावरून खाली घेऊन गेली आणि म्हणाली, "धिस इज माडू. ही इज अ लेजंड." लेजंड लोकरीची टोपी घालून, कोट न काढता, एका टॉवेलने संगणक पुसत बसले होते. ब्रेंडा वर गेली तसं त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"सांगलीच्या नं तुम्ही? आडनावावरून वाटलंच. हे बूट चालायचे नाहीत इथे. आणि गाडी प्लग इन केली का?"

मला वाटलं, गाडी हे कुठल्या तरी सॉफ्टवेअरचं नाव असेल. पण ते खरोखरच्या गाडीबद्दल विचारत होते. तिथल्या थंडीत गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते, ती पार्किंगमधल्या विजेच्या खांबाला लावावी लागते, नाहीतर संध्याकाळपर्यंत इंजिन गारठून जातं. मी लावली नव्हती. काका उठले, माझी किल्ली घेऊन बाहेर गेले आणि वायर लावून आले. तेव्हापासून ते मला "तू" म्हणायला लागले आणि मी त्यांना "काका." कॅनडातल्या ऑफिसात शिपायापासून मालकापर्यंत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण छप्पन्न वर्षांच्या माणसाला "मधू" म्हणणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मीटिंगमध्ये मी त्यांचं नाव घ्यायचंच टाळायचे.

मला नेमलं होतं ते काकांना मोकळं करायला. म्हणजे ब्रेंडाने इंटरव्ह्यूत शब्द वेगळे वापरले होते, पण अर्थ तोच. काकांनी दहा-अकरा वर्षांपूर्वी एक वेबपान बनवलं होतं. सस्कॅचेवान प्रांतभरच्या छोट्या छोट्या गावांतले विक्रेते त्या पानावर यंत्राचं चित्र उघडायचे, चित्रातल्या बोल्टवर किंवा पट्ट्यावर क्लिक करायचे, की तो भाग दुसऱ्या दिवशी ट्रकने दुकानात. पान उत्तम होतं. अडचण एवढीच, की ते एकाच ब्राउजरच्या एका जुन्या आवृत्तीत उघडायचं. दुसऱ्या कशातही उघडायला गेलं, की करडी पाटी यायची: हे पान तुमच्या ब्राउजरसाठी नाही. तो ब्राउजर बाकीच्या जगाने केव्हाच टाकून दिला होता. आमच्या विक्रेत्यांनी मात्र काउंटरच्या कोपऱ्यात एकेक म्हातारा संगणक फक्त या पानासाठी जपला होता, आणि तो खोकला की काकांना फोन. मी ते पान नव्याने लिहायचं, विक्रेत्यांनी नवे संगणक घ्यायचे आणि काकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीला जायचं, असा बेत होता.

बर्नाबीला त्यांची बायको होती. केतकी, त्यांची एकुलती लेक, तिकडे वेबसाइटी बनवणाऱ्या एका ऑफिसात कामाला. तिला जुळं झालं तेव्हा नलिनीकाकू बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या. मग केतकी कामावर रुजू झाली, मुलं कोणी बघायची? काकू राहिल्या. काका म्हणाले, कापणी होऊ दे, मीही येतो कायमचा. मी आले तोवर दोन कापण्या होऊन गेल्या होत्या.

काकूंची आणि माझी ओळख फोनवरचीच. रोज दुपारी साडेबाराला काकांच्या टेबलावरचा स्पीकर सुरू व्हायचा आणि दोघं आपापल्या गावी एकत्र जेवायचे. "काय आणलं डब्यात?" "वरण-भात." "परत?" "परत." मागे मुलांचा गोंधळ ऐकू यायचा. काका ओरडायचे, "काय रे बाप्पा, काय करून राहिले तुम्ही?" तिकडून उत्तर यायचं, "नथिंग, आजोबा!" आणि काका घास थांबवून हसायचे. नातवंडांना त्यांनी प्रत्यक्ष दोनदा पाहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, सोडायची नोकरी, जायचं. मीही तसंच म्हटलं होतं, पहिल्याच महिन्यात. काकांनी थर्मासचं झाकण उघडलं, मला चहा ओतून दिला आणि विचारलं, "तू कंबाइन पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. कापणी-मळणी एका दमात करणारं घराएवढं धूड असतं ते. सप्टेंबरमध्ये पीक उभं असतं, डोक्यावर बर्फ आलेला असतो, मध्ये फार तर तीन आठवडे. त्या दिवसांत एक पट्टा तुटला आणि वेळेवर मिळाला नाही, तर शेतकऱ्याचं वर्ष गेलं. "आणि तो पट्टा माझ्या पानातून जाते," काका म्हणाले. "पान बंद पडलं आणि मी तिकडे नातवाला झोका देत बसलो, तर?"

हे खोटं नव्हतं. सप्टेंबरमध्ये त्यांना पाहिलं तेव्हा मला कळलं, की त्यांचं अडकणं हा नुसता बहाणा नाही. फोन खांद्यात धरून, समोरचा सांगेल तसं ते कागदावर यंत्र काढत जायचे. "होल्ड द फोन निअर द मशीन," म्हणायचे, आणि डोळे मिटून ऐकायचे. दीडशे मैलांवरचं कंबाइन आमच्या तळघरात खडखडायचं. "नॉट द बेल्ट, माय फ्रेंड. युअर बेअरिंग इज गॉन. लेफ्ट साइड." आणि तेच असायचं. गणितातला एम.एस्सी. माणूस, पण त्या तीन आठवड्यांत त्यांचा चेहरा एखाद्या गवयासारखा दिसायचा. गणपतीला देशपांड्यांच्या घरी आम्ही अकरा मराठी कुटुंबं जमलो होतो. आरती चालू, आणि काका वॉशरूमच्या दारात एका कानात बोट घालून, हातात मोदक धरून सांगताहेत, "नो नो, डोरिस, डोन्ट टच द टेन्शनर!" पोरं खिदळत होती. देशपांडेवहिनी म्हणाल्या, "बाप्पाला प्लीज होल्डवर ठेवा, ठोसर." काकांनी खरंच बाप्पाकडे बघून हात जोडले आणि बोलणं चालू ठेवलं.

ही डोरिस म्हणजे काकांची पहिली गिऱ्हाईक. तिची गोष्ट ते हिवाळ्यात सांगायचे, फोन थंड पडलेले असताना.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला, ते म्हणायचे, इंटरनेट म्हणजे विद्यापीठातल्या लोकांची चावडी होती. काळ्या पडद्यावर अक्षरं, एकमेकांना निबंध पाठवायचे. मग चित्रं दाखवणारा ब्राउजर आला आणि ज्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं तोही बोटाने टिचकी मारून जग बघायला लागला. "पण बघणारे म्हणजे गिऱ्हाईक नव्हे," काका बोट उचलायचे. "पान कसं होतं? ठार विसराळू. तू एका पानावर नट घेतला, दुसऱ्या पानावर बोल्ट घ्यायला गेली, की ते विचारणार, आपण कोण? असा दुकानदार असला तर चालेल का दुकान? मग ब्राउजरवाल्यांनी त्याला आठवण दिली. बारकीशी चिठ्ठी, तुझ्याच संगणकात ठेवलेली. ही बाई मघाची, हिच्या पिशवीत नट आहे. त्या दिवशी दुकानाला पिशवी मिळाली. आणि मग आली किल्ली."

किल्ली म्हणजे ब्राउजरच्या कोपऱ्यातलं इवलंसं चित्र. पान सुरक्षित असेल तर किल्ली अख्खी, नसेल तर मोडकी. कार्डाचा नंबर वाटेत कोणाला वाचता येणार नाही याची ती खूण. आता आपण खरेदी करताना तिकडे बघतही नाही. काकांच्या मते मात्र सगळा बाजार भरला तो त्या चित्राच्या भरवशावर.

त्या किल्लीच्या बळावर त्यांनी मालकाला पटवलं, की जाडजूड कॅटलॉग फेकून द्या. आणि सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात स्वतःच्या गाडीत ब्राउजरच्या सीडींचं खोकं टाकून ते गावोगाव निघाले. दुकानात शिरायचं, संगणकात ब्राउजर घालायचा, मालकाला माउस धरायला शिकवायचं. दोनदा गाडी बर्फात रुतली, दोन्ही वेळा शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने ओढून काढली, आणि दोघांच्याही घरी त्यांनी ब्राउजर घालून दिला. डोरिस मात्र ऐकेना. साठीची विधवा बाई, एकटीने दुकान चालवायची. काकांनी तिला किल्ली दाखवली. ती चष्मा लावून वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सन, एनीबडी कॅन ड्रॉ अ की."

"झाली पंचाईत," काका सांगायचे. "बरोबरच होतं नं तिचं. किल्लीचं चित्र काय, कोणीही काढेल." शेवटी ते म्हणाले, फक्त एक पट्टा मागवून बघ. तिने नाक मुरडत मागवला. काका गाडीत बसले, सस्काटूनला आले, गोदामातून पट्टा उचलला आणि बर्फातून परत जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी तिची नजर चुकवून तिच्या काउंटरवर ठेवला. ट्रकवर त्यांचा विश्वास नव्हता. डोरिसने मग आसपासच्या सगळ्या दुकानदारांना फोन करून सांगितलं, की ते यंत्र खरंच काम करतं. तिला कोणी सांगितलंच नाही, की यंत्राच्या जागी माणूस धावला होता. काका गोष्ट संपवून खूश होऊन चहा प्यायचे. मला मात्र ती गोष्ट ऐकताना कसंसंच व्हायचं. पुढची सगळी वर्षं ते तेच करत राहिले होते.

दुसरा ब्राउजर आला तिथे घोटाळा झाला. तो नव्या संगणकात आयताच घालून मिळायला लागला. पहिल्यात नीट दिसणारं पान दुसऱ्यात विस्कटायचं, दुसऱ्यात बसवलं की पहिल्यात. दोन्ही कंपन्या एकमेकांवर कुरघोडी करायला रोज नवी युक्ती काढायच्या, आणि काका प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायचे. दोन वर्षं हे केल्यावर मालक म्हणाला, पुरे, एक निवड. काकांनी पहिला निवडला, आणि एका शुक्रवारी दुपारी पानाच्या तोंडाशी चार ओळी लिहिल्या. ब्राउजरला नाव विचारायचं, ओळखीचं असेल तर आत घ्यायचं, नसेल तर करडी पाटी दाखवायची.

"तात्पुरतं फाटक," ते म्हणायचे. "कापणी होईपर्यंत."

माझं नवं पान काही पुढे सरकत नव्हतं. मी विचारलं, की हे असं का लिहिलंय, तर काका तासभर सांगायचे आणि शेवटी, "हात नको लावू, कापणीच्या आधी नको." कापणी झाली की विक्रेते सुट्टीवर, मग नाताळ, मग मालाची मोजदाद, मग पेरणी. ब्रेंडा दर वर्षी म्हणायची, "माडू, नेक्स्ट इयर फॉर शुअर." त्यांना एक ढालही मिळाली, काचेची, वर गव्हाची ओंबी कोरलेली. त्यांनी ती ठेवलेली मी तरी टेबलावर कधी पाहिली नाही.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरअखेर मात्र ते निघाले. निदान महिनाभर जाऊन येतो म्हणाले. मीच त्यांना गाडीने विमानतळावर सोडलं. बॅग देऊन झाली होती, बोर्डिंग पास खिशात होता. आम्ही कॉफी घेत होतो आणि फोन वाजला. त्या वर्षी पाऊस लांबला होता, उत्तरेकडे दोन-चार शेतं अजून उभी होती. कोणाच्या तरी काउंटरवरचा म्हातारा संगणक बंद पडला होता. काकांनी पाच मिनिटं ऐकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल, परत जाऊ." मी त्यांच्याशी भांडले, अगदी लोकांनी वळून बघावं इतकं. म्हटलं, मी आहे ना इथे, मी बघते. ते नुसते "तुला नाही जमायचं पोरी" म्हणत राहिले. बॅग परत मिळायला तास लागला आणि तो तासभर ते बाकावर बसून फोनवर कोणाला तरी संगणकाचं झाकण उघडायला शिकवत होते.

संध्याकाळी काकूंचा मला फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मी आज वाटीभर तांदूळ जास्त टाकला होता." एवढंच. मला रडू आलं आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी घाईने फोन ठेवला.

पुढच्या वर्षी सप्टेंबर सरता सरता माझ्या हातून ते घडलं. मी घरी माझ्या लॅपटॉपवर काम करत होते आणि जुन्या पानातलं एक चित्र मला बघायचं होतं. तळघरात काकांनी टॉवेलने झाकून ठेवलेल्या जुन्या संगणकापर्यंत जायचा कंटाळा आला होता. नव्या ब्राउजरमध्ये एक सोय असते. त्याला खोटं नाव सांगायला लावता येतं. मी त्याला म्हटलं, तू जुना आहेस असं सांग. त्याने सांगितलं. फाटकाने त्याला आत घेतलं.

मला वाटलं होतं, आत सगळं विस्कटलेलं असणार. नव्हतं. चित्र उघडलं. बोल्टवर क्लिक केलं, बोल्ट पिशवीत पडला. मी एक चाचणीची मागणी नोंदवली, ती गेली. मधल्या वर्षांत नवे ब्राउजर जुन्या युक्त्या सांभाळून घ्यायला शिकले होते. पानाला काहीच झालेलं नव्हतं. नाव विचारणाऱ्या त्या चार ओळी तेवढ्या मध्ये उभ्या होत्या, आणि त्यांच्यामुळे गावोगावच्या काउंटरांवर म्हातारे संगणक धुगधुगत होते, मी अडीच वर्षं डोकं फोडत होते, आणि एक माणूस साडेचार वर्षं स्पीकरवर जेवत होता.

सकाळी मी धावत तळघरात गेले. "काका, उघडतं! सगळ्यात उघडतं! फक्त फाटक काढायचंय!"

काका थर्मासचं झाकण पुसत होते. ते पुसतच राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "उजवीकडच्या कोपऱ्यातलं लेबल जरा खाली घसरते. नाही का?"

घसरत होतं. पण मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. ते जुन्या ब्राउजरमध्ये घसरत नाही. फाटकातून नवा ब्राउजर आत नेऊन पाहिल्याशिवाय ते कोणाला दिसणंच शक्य नव्हतं.

मी खाली बसले. "कधी पाहिलंत?"

"गेल्या नाही, त्याच्या मागच्या फेब्रुवारीत."

म्हणजे विमानतळावरून परत फिरले त्याच्या आधी. म्हणजे त्या बाकावर बसून कोणाला तरी झाकण उघडायला लावत होते तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. माझा इतका संताप झाला, की मी सरळ विचारलं, "मग काकूंना काय सांगत होतात रोज?"

त्यांनी झाकण खाली ठेवलं. मग बोलले ते तुटक तुटक. "उघडलं त्या दिवशी आधी आनंद झाला. नलूला फोन लावायला घेतला. मग वाटलं, तिकडे जाऊन मी काय करू? मुलांना शाळेत सोडेन, आणेन. केतकीचा जावई... आपलं, केतकीचा नवरा म्हणेल, बाबा, बसा, आराम करा. इथे मला चाळीस दुकानं नावाने ओळखतात. नाव धड घेता येत नाही एकालाही, पण ओळखतात. म्हटलं, एक कापणी अजून. मग दुसरी. आता इतका उशीर झालाय, की सांगू कोणत्या तोंडाने?" त्यांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. ते एकदम म्हातारे दिसले. "माझ्याने नाही सांगवत ब्रेंडाला. तू सांग. तुला सापडलं म्हणून सांग. सापडलंच आहे नं तुला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, सांगते.

ब्रेंडा आधी दोन वेळा "रिअली?" म्हणाली आणि मग आनंदाने टेबलावर थाप मारून उठली. कापणी उरकल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी, आम्ही त्या चार ओळी काढल्या. काकांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी ओळी पुसल्या तेव्हा ते शेजारी बसून तळघराच्या छताजवळच्या छोट्या खिडकीकडे बघत होते. घसरणारं लेबलही मी वर सरकवलं. दहा मिनिटांचं काम.

त्या आठवड्यात फोन वाजला नाही. विक्रेत्यांना काही बदललंय हेही कळलं नाही. पान कुठेही उघडायला लागलं, एवढंच. बुधवारी मी पाहिलं, काकांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, लाइन चालू आहे याची खात्री केली आणि परत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. मला तिथे बसवेना, मी उगाच कॉफी आणायला वर गेले. आपण या माणसाला सोडवलं की त्याच्या हातातलं काढून घेतलं, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं. आजही नक्की सांगता येणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी त्यांना पुन्हा विमानतळावर नेलं. या वेळी परतीचं तिकीट नव्हतं. घर विकायला काढलं होतं, जुने संगणक कंपनीने भंगारात दिले होते. वाटेत ते खिडकीबाहेरचा बर्फ बघत होते. तपासणीच्या दाराशी मात्र थांबले आणि म्हणाले, "एक सांगतो. ते फेब्रुवारीचं नलूला कधी कळू देऊ नको. मरून जाईन मी लाजेने." मी वचन दिलं. वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "उठ, उठ, लोक बघून राहिले," आणि आत गेले.

काचेतून रांग दिसत होती. मी निघणार, तोच माझा फोन वाजला. काकू.

"पोहोचले का विमानतळावर?"

"हो, आत गेलेत काकू. रांगेत आहेत."

मग म्हणाल्या, "तुला एक सांगू? मागच्या वर्षी ते परत फिरले ना, त्याच आठवड्यात केतकीने त्यांचं ते पान उघडून पाहिलं. चिडली होती फार. म्हणाली, असं आहे काय त्या पानात, बघतेच. तिचं कामच ते. पाच मिनिटांत उघडलं तिने. पासवर्ड तर माझंच नाव. मला म्हणाली, आई, इट वर्क्स. बाबांना कळलं नसेल असं होणारच नाही."

काचेपलीकडे काका कोट काढून ट्रेमध्ये ठेवत होते.

"मी तिला म्हटलं, बोलू नकोस. आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं, तर लाजेने आणखीनच यायचे नाहीत. तूही बोलू नकोस हं."

"नाही बोलणार," मी म्हटलं. सकाळपासून दुसऱ्यांदा.

"दिसताहेत का अजून?"

"दिसताहेत." काका तपासणीच्या पलीकडे पोहोचले होते. बाकावर बसून, खाली वाकून, हळूहळू बुटांच्या नाड्या बांधत होते. कोट मांडीवर, टोपी कोटावर.

"काय करताहेत?"

"बूट घालताहेत."

"घालू देत सावकाश," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पण तू एवढ्यात जाऊ नकोस गं. ते विमानात बसेपर्यंत थांब तिथेच."